रुळावरची दरड आणि वाडीवरची दरड

पावसाळा लागला की वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली असते : 'दरड कोसळली'. ही बातमी दोन प्रकारची असते, हे बारकाईने वाचणाऱ्यांच्या लक्षात आले असेल. पहिल्या प्रकारात दरड रुळावर किंवा महामार्गावर येते. ती बातमी बहुतेक वेळा 'वाहतूक पूर्ववत' या शब्दांनी संपते. दुसऱ्या प्रकारात दरड एखाद्या वाडीवर येते, आणि ती बातमी 'शोधकार्य थांबवले' अशी संपते.

२०२३ च्या जुलैत या दोन्ही बातम्या एकाच दिवशी आणि एकाच तालुक्यात घडल्या. १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. चार दिवस माणसे हाताने, फावड्या-टिकावाने चिखल उपसत होती, कारण तिथे यंत्र चढवायला रस्ताच नव्हता. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसे मिळालीच नाहीत. २३ जुलैला शोध थांबवला गेला. त्याच रात्री त्याच खालापूर तालुक्यात द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड आली. तिथे मात्र लगेच यंत्रे लागली, दगडमाती बाजूला काढण्यात आली आणि गाड्या पुन्हा धावू लागल्या.

मंडळी, यात कुणा एकाला दोष द्यावा असा माझा हेतू नाही. रस्ता मोकळा करणाऱ्यांनी आपले काम चोख केले आणि इर्शाळगडावर चढणाऱ्यांनी तर जीव पणाला लावला. आमच्या नवी मुंबईच्या अग्निशमन दलातले एक अधिकारी मदतीसाठी तो चढ चढत असतानाच हृदयविकाराने गेले. मला प्रश्न पडला तो वेगळा. डोंगर तोच, दगड तोच, पाऊसही तोच. मग रुळावरच्या दरडीशी झुंजायला आपण दीडशे वर्षांत शिकलो, ते वाडीवरच्या दरडीच्या बाबतीत का नाही शिकलो? सेवानिवृत्त मास्तरणीला वेळ भरपूर असतो. तेव्हा या प्रश्नाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहू.

आधी डोंगर समजून घ्यायला हवा. भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर सह्याद्रीचा उभा छेद काढून दाखवत असे. चिरोट्याचे पदर असतात तसा हा डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर साचून बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा, सह्याद्री झाला. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लाल मातीचा पातळ पट्टा असतो. घाटातून जाताना कापलेल्या कड्यात तो विटेच्या रंगाचा दिसतो. वरचा कातळ भेगाळलेला असल्यामुळे पावसाचे पाणी आत मुरत जाते. लाल मातीशी आले की त्याला खाली जायला वाट मिळत नाही, म्हणून ते आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. कोकणात याला उपळ फुटणे म्हणतात.

आता गंमत पाहा. कड्याखाली, डोंगराच्या मध्यावर जिथे जरा सपाटी असते, माती असते आणि बारमाही झरा असतो, तिथेच माणूस घर बांधतो. इतर ठिकाणी बांधणार तरी कसा? पण कड्याखालची ही सपाटी बहुतेकदा कशाची बनलेली असते? पूर्वी कधीतरी वरून आलेल्या दगडमातीची. म्हणजे वाडी ज्या मातीवर नाचणी-वरी पिकवते ती माती जुन्या दरडीनेच आणून टाकलेली असते. जमिनीने तिथे एकदा जागा बदललेली असते आणि पुन्हा बदलण्याची तिची तयारी असते.

खळ्यावरची धान्याची रास आठवा. कितीही धान्य ओता, एका ठरावीक उतारापलीकडे रास उभी राहत नाही, दाणे घरंगळून खाली येतात. मातीचेही तसेच. त्यात पाण्याचा खेळ निराळा. थोड्या ओलीने माती धरून राहते, म्हणून ओल्या वाळूचा किल्ला होतो. पण पाणी प्रमाणाबाहेर मुरले की मातीच्या कणांमधल्या पोकळ्या भरतात, आतल्या पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून सुटे करतो, शिवाय ओल्या मातीचे वजनही वाढलेले असते. मग कातळावर बसलेला मातीचा सगळा थर एकदम सुटतो. त्यातच कोणी उताराच्या पायथ्याशी खणून ठेवले असेल, तर राशीखालची फळी काढून घेतल्यासारखे होते.

हे ज्ञान नवे नाही. बोरघाटात रेल्वे नेणाऱ्यांना ते रोज डोळ्यांसमोर दिसत होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या देखरेखीखाली हे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. चढ सदतीस फुटांना एक फूट, आणि पंचवीस बोगदे. कामगारांची संख्या ऐन भरात चाळीस हजारांवर गेली होती. पटकी, ताप आणि अपघातांनी या घाटात सुमारे पंचवीस हजार माणसे मेली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि पुढे त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट पुरे करवून घेतले. हे आता पुष्कळांना माहीत झाले आहे. पंचवीस हजारांची नावे मात्र कुठे नाहीत.

याच घाटातली शिंगरोबाची आख्यायिका आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. साहेबाला घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने आपली मेंढरे ज्या वाटेने उतरत ती दाखवली, आणि काम झाल्यावर त्याचाच जीव घेतला गेला. खोपोलीच्या वर जुन्या रस्त्याला त्याचे देऊळ आहे. गाडीतून जाताना लोक पैसे टाकतात आणि हात जोडतात. कथा खरी-खोटी कशीही असो, तिच्यात एक गोष्ट लोकांनी जपून ठेवली आहे. डोंगर कळत होता तो डोंगरात राहणाऱ्याला, आणि त्याच्या ज्ञानाचा उपयोग झाला तो रुळांसाठी.

घाट खुला झाला म्हणून डोंगर गप्प बसला नाही. तेव्हापासून आजपर्यंत दर वर्षी घाटातली रेल्वे डोंगराची राखण करते. पावसाळ्यापूर्वी रेल्वेचे कामगार कड्यांवर चढतात, सैल झालेले दगड हेरतात, त्यांवर खुणा करतात आणि गाड्या नसताना ते पाडून टाकतात. कड्यांना पोलादी जाळ्या लावल्या आहेत. दगड अडावेत म्हणून रुळांशेजारी खड्डे आहेत. बोगद्यांची तोंडे पुढे वाढवली आहेत. पावसात गस्तीवाले कंदील-विजेरी घेऊन रुळांवरून फिरतात. एवढे करूनही डोंगर कधी कधी ऐकत नाही. २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिलजवळ मार्ग इतका उखडला की पुण्याच्या कित्येक गाड्या दीर्घकाळ बंद होत्या. पण लोकांचे हाल झाले ते गाड्या बंद ठेवल्यामुळे. दरड आली तेव्हा तिच्याखाली माणसे नव्हती, हे महत्त्वाचे.

कोकण रेल्वेला हाच धडा फार महागात शिकावा लागला. १९९८ मध्ये मार्ग पूर्ण खुला झाला तेव्हा आपल्या सर्वांना केवढा आनंद झाला होता! मुंबईचा चाकरमानी गणपतीला एका रात्रीत गावी पोचू लागला. पण डोंगर उभे कापून केलेला हा मार्ग. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची विशेष गाडी वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांवर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस दरडीच्या दगडांना धडकून पुलावरून खाली गेली.

दोन पावसाळ्यांत दोन अपघात. त्यानंतर मात्र कोकण रेल्वेने डोंगराकडे वेगळ्या नजरेने पाहिले. कापलेले उतार आणखी तिरपे केले, पायऱ्या काढल्या, जाळ्या बसवल्या. पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक आले. जोराचा पाऊस असेल तर ताशी चाळीस किलोमीटरच्या वर गाडी हाकायची नाही, असे ठरले. धोक्याच्या कटिंगपाशी चोवीस तास माणूस बसू लागला. परिणाम समोर आहे. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड रुळावर आली, चोवीस तासांच्या आसपास मार्ग बंद पडला, अडकलेल्या प्रवाशांना एसटीने पुढे पोचवले. चिडचिड झाली, लहान मुलांचे हाल झाले, पण सगळे घरी पोचले.

माथेरानची छोटी गाडी तर हौसेसाठी चालते. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पैशातून १९०७ मध्ये सुरू झालेला हा दोन फुटी रूळ. २६ जुलै २००५ च्या पावसाने तो ठिकठिकाणी वाहून गेला. २००७ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. २०१९ मध्ये पुन्हा नेरळकडचा भाग बंद पडला, तो दुरुस्त होऊन २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गाडी परत धावली. याबद्दल कुरकुर नाही. आमच्या घरची सगळी बाळगोपाळ मंडळी त्या गाडीत बसून आली आहेत. फक्त एवढे लक्षात घ्या की माथेरानच्या पठारावरून इर्शाळगडाचे सुळके दिसतात. शेजारशेजारचे डोंगर. एकावर सहलीला जाणाऱ्या माणसासाठी रूळ दोनदा नव्याने उभा राहिला, दुसऱ्यावर वर्षभर राहणाऱ्या ठाकर लोकांसाठी पायवाटेचा रस्ता एकदाही झाला नाही.

आता वाड्यांकडे वळू.

२६ जुलै २००५ म्हटले की आपल्याला मुंबईतले पाणी आठवते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. प्रत्येक घरात त्या रात्रीची एक कहाणी आहे. पण त्याच्या आदल्या रात्रीपासून महाड तालुक्यात काय घडत होते, हे त्या गदारोळात मागे पडले. दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या चार गावांवर दरडी आल्या आणि १९० च्या आसपास माणसे गेली. त्यांतली जवळजवळ निम्मी एकट्या जुई गावातली. आमच्या नगराचे नाव जुई आणि त्या गावाचेही जुई. नावापलीकडे दोघांचा संबंध काही नाही. पण तेव्हापासून आमच्या स्टेशनच्या पाटीवर नजर गेली की मला महाडची जुई आठवते. दासगावच्या काही आपद्ग्रस्तांनी पुढे वर्षानुवर्षे पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात दिवस काढले.

३० जुलै २०१४. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातले माळीण. भीमाशंकरच्या डोंगरात, डिंभे धरणाच्या पाणलोटाजवळ. सकाळची वेळ. गाव गेल्याचे बाहेरच्या जगाला कळले ते एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीप्रमाणे बस घेऊन आला आणि त्याला गावच दिसेना. १५१ माणसे गेली. कारणांची चर्चा पुष्कळ झाली. धो धो पाऊस तर होताच. भातखाचरे काढण्यासाठी उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडेही बोट दाखवले गेले, त्यावर वाद झाले. पुढे २०१७ मध्ये शेजारी आमडे येथे नवे माळीण वसवले गेले. घरे नीटनेटकी होती. पण त्याच वर्षी पहिल्याच पावसात नव्या गावातले रस्ते खचले, भरावांना तडे गेले. डोंगरउतारावर घर बांधायचे तर आधी पाण्याला वाट करून द्यावी लागते, ही घाटातल्या रेल्वेची बाराखडी. ती नव्या गावात पुन्हा गिरवावी लागली.

२२ जुलै २०२१. पुन्हा महाड तालुका, तळिये. ऐंशीहून अधिक माणसे. त्याच दोन दिवसांत खेड तालुक्यात पोसरे, पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्याच दिवसांत कसारा घाटात रुळांखालचा भराव वाहून गेला होता आणि तो काही दिवसांत भरून निघाला.

आणि मग इर्शाळवाडी. २०२३. पन्नासेक घरांची वाडी. रात्री अकराच्या सुमारास, बहुतेक माणसे झोपलेली. वाडीतली काही मुले शिकण्यासाठी आश्रमशाळेत होती, म्हणून वाचली, आणि सकाळी त्यांतल्या काहींना आईवडील उरले नव्हते. तीसपस्तीस वर्षे हजेरी घेण्यात गेली असल्यामुळे असेल, पण या बातमीतल्या सगळ्या आकड्यांपेक्षा ती मुले माझ्या डोक्यातून जात नाहीत.

दुर्घटनेनंतर विधानसभेत सांगितले गेले की इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. हे वाक्य ऐकून अनेकांना संताप आला. मला मात्र ते भूगोलाच्या अंगाने समजून घ्यावेसे वाटले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशभरातल्या डोंगराळ भागाचे दरडींच्या दृष्टीने नकाशे तयार करण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. काम मोलाचे आहे. पण हे नकाशे पन्नास हजारास एक या प्रमाणाचे. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवर अर्धा किलोमीटर. अख्खी इर्शाळवाडी अशा नकाशावर मोहरीच्या दाण्याएवढी. तो नकाशा 'या पट्ट्यात धोका आहे' एवढे सांगू शकतो, 'या घरामागचा हा उतार' असे सांगू शकत नाही. पावसाचेही तसेच. राज्यात 'महावेध'ची स्वयंचलित हवामान केंद्रे आली, पण ती महसूल मंडळाला एक अशा हिशेबाने. मंडळात गावे अनेक, आणि डोंगरमाथ्यावरचा पाऊस आणि पायथ्याचा पाऊस यांत किती फरक असतो ते माथेरानला जाऊन आलेल्याला सांगायला नको.

इथे रेल्वेचा आणि वाडीचा खरा फरक दिसतो. रुळावरच्या उताराला राखणदार आहे. त्या कटिंगला किलोमीटरचा आकडा आहे, त्यावर नेमलेला माणूस आहे, वर्षातून अमुक वेळा पाहणी करायची असे लिहिलेले आहे, आणि चूक झाली तर जाब विचारला जाणारा अधिकारी आहे. वाडीमागचा उतार कुणाचा? वरचा कडा वनखात्याचा, मधली वरकस जमीन कुणा खातेदाराची, खालचे गावठाण ग्रामपंचायतीचे, धोक्याची सूचना तहसीलदाराची. सातबाऱ्यावर त्या जमिनीला गट नंबर आहे. पण तो उतार यंदा हलला आहे का, हे जाऊन पाहण्याचे काम कुणाच्याच नावावर नाही.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही, आणि केवळ गरिबांच्या वाड्यांचाही नाही. माळीणची तारीख ३० जुलै. बरोबर सतरा वर्षे आधी, ३० जुलै १९९७ च्या रात्री, ऑस्ट्रेलियातल्या थ्रेडबो गावात दरड आली होती. आपला जुलै म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. थ्रेडबो हे बर्फावर घसरण्याच्या खेळाचे, म्हणजे स्कीइंगचे, श्रीमंत गाव. तिकडचे माथेरानच म्हणा. रात्री साडेअकराच्या सुमारास रस्त्याचा भराव सुटला आणि त्याने उतारावरची दोन निवासगृहे खाली नेली. एकोणीस जण गाडले गेले आणि पासष्ट तासांनी फक्त एक माणूस जिवंत बाहेर निघाला. स्टुअर्ट डायव्हर त्याचे नाव, त्या देशात ते सर्वांना ठाऊक आहे.

तिथे चौकशी झाली आणि ती जवळजवळ तीन वर्षे चालली. २००० मध्ये निष्कर्ष आला. १९५० च्या दशकात धरणाच्या कामासाठी काढलेला तो रस्ता सैल भरावावर बांधलेला होता, आणि भरावातून गेलेल्या पाण्याच्या नळाला गळती होती. पाणी मुरत राहिले आणि भराव सुटला. त्या रस्त्यावर आधीही दरडी आल्या होत्या, तरी वेळीच पक्की उपाययोजना झाली नव्हती. थोडक्यात, डोंगरावर ढकलून मोकळे होता येणार नाही, असे तिथे कागदोपत्री सिद्ध झाले. त्यानंतर त्या देशातल्या भूअभियंत्यांनी दरडीचा धोका कसा मोजावा याचे नियम लिहून काढले, आणि आज उतारावर घर बांधताना ते पाहिले जातात.

त्याहून मोठे उदाहरण हाँगकाँगचे. डोंगर, समुद्र, मुसळधार पाऊस आणि दाटीवाटीची वस्ती, म्हणजे आपल्या मुंबईचीच बहीण. १८ जून १९७२ या एकाच दिवशी तिथे दोन ठिकाणी उतार सुटून १३८ माणसे गेली. १९७६ मध्ये त्यांतल्याच एका वस्तीजवळ पुन्हा दरड आली. दुसऱ्या वर्षी, १९७७ मध्ये, त्यांनी फक्त उतारांसाठी एक वेगळे सरकारी कार्यालय काढले. त्या कार्यालयाने माणसाने कापलेले आणि भरलेले सगळे उतार मोजले. सुमारे साठ हजार भरले. प्रत्येकाला क्रमांक दिला आणि त्याची पाटी उतारावर लावली. हा उतार अमुक क्रमांकाचा, याची देखभाल अमक्याकडे. रस्त्याने जाणाऱ्या सामान्य माणसाला भेग दिसली तर तो पाटीवरचा क्रमांक सांगून कळवू शकतो. दरडी तिथे आजही येतात. माणसे मरण्याचे प्रमाण मात्र फार कमी झाले.

घाटातल्या रेल्वेने जे रुळांपुरते केले, ते हाँगकाँगने वस्तीसाठी केले. एवढाच फरक.

याला उत्तर म्हणून कोणी म्हणेल की बाई, सह्याद्री केवढा, वाड्या किती, साऱ्या उतारांना पाट्या लावायच्या म्हणजे पैसा कुठून आणायचा? रास्त प्रश्न आहे. सगळ्या डोंगरांना जाळ्या लावता येणार नाहीत, लावूही नयेत. दुसरे कोणी म्हणेल, सरळ सगळ्यांना खाली आणून वसवा. हे ऐकायला सोपे आहे. पण वाडी खाली आली तरी तिचे शेत वरच राहते, गुरांचे रान वरच राहते, हिरडा आणि करवंदेही वरच. इर्शाळवाडीच्या उरलेल्या माणसांसाठी घरे बांधण्याचे काम सिडकोकडे दिले गेले. आमचे जुईनगर ज्यांनी वसवले तीच सिडको. पक्के घर मिळणे ही मोठीच गोष्ट. पण घर हलवले म्हणजे जगणे हलले असे होत नाही, हे धरणांच्या विस्थापितांनी आपल्याला शिकवले आहे. गाव हलवायचेच तर माणसे जिवंत असताना, त्यांच्याशी बसून, त्यांच्या शेताच्या वाटेचा विचार करून हलवावे. ढिगाऱ्यावर उभे राहून केलेले पुनर्वसन नेहमीच उशिराचे असते.

आणि काही गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. रेल्वेच्या गस्तीवाल्यासारखा पावसाळ्याचे चार महिने प्रत्येक धोक्याच्या वाडीत नेमलेला एक माणूस, तो वाडीतलाच असावा, त्याला मानधन असावे. शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक. सातवी-आठवीची मुले रोज सकाळी त्याची नोंद सहज घेऊ शकतात, आणि 'इतका पाऊस झाला की वाडी सोडून खालच्या शाळेत यायचे' असा आकडा आधीच ठरलेला असावा. लक्षणे तर डोंगरातल्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळतात. घरामागच्या उतारावर चंद्रकोरीसारखी नवी भेग पडली. झाडे किंवा विजेचे खांब एका बाजूला कलले. दार एकाएकी चौकटीत अडकू लागले. नेहमीचा झरा अचानक आटला, किंवा त्याला गढूळ पाणी येऊ लागले, किंवा कधी नव्हे तिथे उपळ फुटली. यांतले एकही दिसले तर रात्र तिथे काढू नये. हे सांगण्यासाठी कुणी भूशास्त्रज्ञ लागत नाही, पण सांगितल्यावर ऐकून घेणारे आणि रात्री बाराला ट्रक पाठवणारे कोणीतरी लागते. रेल्वेच्या गस्तीवाल्याने लाल दिवा दाखवला तर गाडी थांबते. वाडीतल्या माणसाने दाखवलेल्या लाल दिव्याने काय थांबते, याचे उत्तर सरकारी कागदावर असायला हवे.

पश्चिम घाटाचा अभ्यास करून माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, नंतर २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा आला. कुठे खाणी नकोत, कुठे बांधकाम नको, यावर तेव्हापासून भांडणे चालू आहेत. त्या वादात मला शिरायचे नाही. पण पहिल्या अहवालातली एक गोष्ट मला मनापासून पटते. डोंगराबद्दलचे निर्णय ग्रामसभेला विचारून व्हावेत, असा त्याचा आग्रह होता. शिंगरोबाला विचारल्याशिवाय घाट सापडला नाही, ही कथा ज्या प्रांतात सांगितली जाते, त्या प्रांताला हे पटायला हरकत नसावी.

आणि हे फक्त दूरच्या डोंगरांबद्दल नाही. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात दरड आली तेव्हा सत्तरहून अधिक माणसे गेली होती, आणि ती भर मुंबईत. आमच्या जुईनगरच्या पूर्वेला, महामार्ग आणि कारखान्यांच्या पलीकडे, पारसिकची रांग आहे. तिच्या दगडावर आमची ही शहरे उभी राहिली. खाणींनी कापलेले तिचे कडे पावसाळ्यात हिरव्या अंगावर व्रण उठावेत तसे दिसतात, आणि त्यांच्या पायथ्याशी झोपड्यांची दाटी आहे. आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बायका, सोसायट्यांचे रखवालदार, भाजीवाले यांच्यापैकी कितीतरी जण तिथे राहतात. पावसाळ्याआधी त्यांना धोक्याची सूचना मिळते. 'दुसरीकडे जा' असे त्यात असते. कुठे जा, ते नसते.

तेव्हा मंडळी, एक विनंती. यंदा घाटात तुमची गाडी दोन तास खोळंबली, तर चिडू नका. तुमच्या डब्यावर येऊ शकणाऱ्या दगडाची काळजी कोणीतरी आधीच करून ठेवली आहे, म्हणून तुम्ही नुसते खोळंबला आहात. खिडकीतून बाहेर पाहा. धुक्यात समोरच्या डोंगराच्या कुशीत दहा-पंधरा कौले दिसतील, एखाद्या घरातून चुलीचा धूर निघत असेल. त्या घरामागच्या उताराकडे आज कोणी पाहून आले आहे का, हा प्रश्न आपापल्या ग्रामपंचायतीला, आमदाराला, गावच्या नातेवाइकांना विचारायचा. महाड, पोलादपूर, खेड, पाटण, आंबेगाव, खालापूर... आपल्या नात्यागोत्यातल्या कितीतरी माणसांची गावे याच पट्ट्यात आहेत. तुमच्या गावी काय परिस्थिती आहे, ते जरूर कळवा. कुणी पर्जन्यमापक ठेवला असेल तर तेही कळवा. बाकी पावसाचे म्हणाल, तर तो आपल्या वेळेवर येणारच आहे.